वर्षासनाची आजची किंमत

'वर्षासन' हा मराठीतला एक जुना, भारदस्त शब्द आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत तो वारंवार भेटतो. एखाद्या देवस्थानाला, एखाद्या विद्वानाला किंवा रणात पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाला दरसाल नेमून दिलेली रक्कम म्हणजे वर्षासन. आज हा शब्द मागे पडला आहे. त्याच्या जागी 'वार्षिकी' हा कोरडा, कार्यालयीन शब्द आला. हप्ता दर महिन्याला मिळत असला तरी त्याला वार्षिकीच म्हणतात, हे भाषेच्या विद्यार्थिनीला थोडे खटकते. पण शब्द कोणताही वापरला तरी त्यामागचा प्रश्न बदलत नाही. ठरावीक काळाने ठरावीक रक्कम मिळत राहणार असेल, तर त्या सगळ्या रकमांचे आजचे मोल किती?

या प्रश्नाला आपल्या इतिहासात एक मोठे उदाहरण आहे. १८१८ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले, तेव्हा राज्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात कंपनी सरकारने त्यांना वर्षाला ८ लाख रुपयांची नेमणूक देऊ केली. त्यानंतर ते कानपूरजवळ बिठूरला सुमारे ३३ वर्षे राहिले आणि १८५१ मध्ये वारले. नेमणूक त्यांच्यापुरतीच होती, असे सांगून कंपनीने त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना ती नाकारली. दाद मागण्यासाठी अजीमुल्लाखान विलायतेपर्यंत जाऊन आले, पण उपयोग झाला नाही. पुढे १८५७ मध्ये काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. मला इथे एवढेच सांगायचे आहे की, वर्षासन दोन प्रकारचे असते. एक हयातीपुरते आणि दुसरे ठरावीक मुदतीचे. पहिल्याची किंमत काढायची तर माणूस किती जगेल याचा अंदाज बांधावा लागतो. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते, त्या एडमंड हॅले यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ या शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असे कोष्टक तयार केले आणि त्यावरून हयातीच्या वार्षिकीची किंमत कशी काढावी हे दाखवले. दुसऱ्या प्रकारात आयुष्याचा प्रश्नच येत नाही. तिथे लागतो तो फक्त व्याजाचा दर, हप्त्यांची संख्या आणि घातांचा हिशेब.

हा दुसरा प्रकार माझ्यासमोर आला तो पुस्तकातून नव्हे, इंदूरच्या माझ्या मावसबहिणीच्या घरात. आम्ही सगळी भावंडे तिला ताई म्हणतो. ताईचे यजमान अकस्मात गेले. त्यांनी आयुर्विम्याचा एक करार केलेला होता. दिवसवार आटोपल्यावर विमा कंपनीचा एक छापील अर्ज घरी आला. त्यात वारसाला निवड करायची होती : एकरकमी ८,५०,००० रुपये घ्या, नाहीतर १५ वर्षे दरमहा ८,००० रुपये घ्या. मुदतीच्या आत वारसाचे बरेवाईट झाले तर उरलेले हप्ते तिच्या वारसाला मिळतील, अशीही तरतूद होती. म्हणजे बाजीरावांच्या नेमणुकीसारखी ही हयातीची बाब नव्हती. १८० हप्ते ठरलेलेच होते.

ताईच्या घरी त्या दिवसांत येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ होती आणि प्रत्येकाजवळ सल्ला होता. एका जवळच्या नातेवाइकांनी बोटांवर हिशेब केला : आठ हजार गुणिले एकशे ऐंशी, म्हणजे १४,४०,००० रुपये. "साडेआठ लाखांपेक्षा साडेपाच लाख जास्तच की! यात विचार कसला करायचा?" दुसऱ्यांना दुकानासाठी भांडवल हवे होते. त्यांचे म्हणणे, महागाई रुपयाला गिळून टाकते, तेव्हा रक्कम आजच हातात घ्यावी; आणि ती कुठे गुंतवायची ते ते सांगतीलच. ताई सगळ्यांचे ऐकून घेई आणि अर्ज पुन्हा देवघरातल्या डब्यात ठेवून देई. तिच्या डोक्यावर २,४०,००० रुपयांचे एक कर्जही होते. तिच्या यजमानांनी घराच्या डागडुजीसाठी एका पतसंस्थेतून ते घेतले होते. त्याचा व्याजदर शेकडा १४ होता. त्याची आठवण मात्र सल्ला देणाऱ्यांपैकी कुणालाच झाली नाही.

माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, तेव्हा संगणकाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला सी ही भाषा अभ्यासाला होती. एका रात्री जेवणे झाल्यावर ती मला म्हणाली, "मावशी, प्रत्येक जण काहीतरी सांगतोय. आपण खरं गणित करून बघू या का?" इंदूरकडची मराठी बोलणारी ही मुलगी हप्त्याला 'किस्त' म्हणते. मी दोन-तीनदा 'हप्ता' म्हणून पाहिले, मग सोडून दिले.

मूळ कल्पना अवघड नाही. पुढच्या महिन्यात मिळणारे आठ हजार हे आजच्या आठ हजारांइतके नसतात. कारण त्याहून थोडी कमी रक्कम आज व्याजाने ठेवली तर महिन्याने तिचेच आठ हजार होतात. ती 'थोडी कमी रक्कम' हीच त्या हप्त्याची आजची किंमत. वर्षाला ८ टक्के दर धरला आणि त्याचे बारा भाग केले, तर पहिल्या हप्त्याची आजची किंमत सुमारे ७,९४७ रुपये येते. दुसऱ्या हप्त्याला दोन महिन्यांचे व्याज वजा, तिसऱ्याला तीन महिन्यांचे, असे करत गेले की एकशे ऐंशीव्या, म्हणजे शेवटच्या हप्त्याची आजची किंमत अवघी २,४१९ रुपये उरते. पंधरा वर्षांनी हातात पडणाऱ्या आठ हजारांचे आजचे मोल अडीच हजारांनाही पोहोचत नाही, हे ऐकून ताई कितीतरी वेळ काहीच बोलली नाही.

अशा १८० किमतींची बेरीज करायची. प्रत्येक किंमत आधीच्या किमतीच्या ठरावीक पटीत कमी होत जाते. म्हणजे ही भूमितीय श्रेढी झाली, आणि तिच्या बेरजेचे सूत्र आपण शाळेत शिकलेले असतो. ते शब्दांत सांगायचे तर असे : एकात मासिक व्याजदर मिळवा, त्या संख्येचा उणे एकशे ऐंशीवा घात काढा, तो एकातून वजा करा, उरलेल्याला मासिक व्याजदराने भागा आणि शेवटी हप्त्याच्या रकमेने गुणा. भाची हे मोठ्याने म्हणत होती. 'उणे एकशे ऐंशीचा घात' हे शब्द कानी पडताच आतून ताईने विचारले, "कसला घात ग?" गणितातला घात आणि व्यवहारातला घात यांना मराठीने एकच शब्द द्यावा, याचे मला त्या रात्री प्रथमच नवल वाटले.

आम्ही महाविद्यालयात होतो तेव्हा असा घात काढायला लॉगच्या कोष्टकांची पुस्तिका लागे. जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगॅरिदम प्रसिद्ध केले. त्यापूर्वी व्याजाचे हिशेब करणाऱ्यांना शेकडो गुणाकार हातांनी करावे लागत. सायमन स्टेविन यांनी १५८२ मध्ये व्याजाची कोष्टके छापली, ती याच कष्टांतून सुटका व्हावी म्हणून. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त व्याजाची उदाहरणे मिश्रव्यवहाराच्या प्रकरणात येतात. भाचीला यातले काहीच लागले नाही. तिने 'पॉव' असे तीन अक्षरी इंग्रजी नाव लिहिले, कंसात दोन संख्या दिल्या आणि घात तयार झाला.

हे 'पॉव' मात्र सी भाषेचे अंगभूत नव्हे, आणि ही गोष्ट मला फार आवडली. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली, तेव्हा तिच्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि बाकी यांसाठी चिन्हे ठेवली. घातासाठी चिन्हच ठेवले नाही. इतर काही भाषांत टोपीसारखे एक चिन्ह घातासाठी वापरतात. तेच चिन्ह सी भाषेत द्विमान अंकांवरच्या वेगळ्याच क्रियेचे आहे. त्यामुळे 'दोन, टोपी, तीन' असे लिहिले तर उत्तर आठ न येता एक येते, आणि संगणक चूक झाली असे म्हणतही नाही. घात, वर्गमूळ, लॉग, ज्या-कोज्या हे सगळे एका वेगळ्या संग्रहात ठेवलेले असते. त्या संग्रहाची ओळख 'मॅथ डॉट एच' या फाइलने आधीच करून द्यावी लागते. शिवाय लिनक्ससारख्या प्रणालीत तो संग्रह शेवटी जोडा, अशी निराळी आज्ञाही द्यावी लागते. भाचीने ती दिली नव्हती, तेव्हा पडद्यावर 'पॉव' कुठे सापडत नाही अशी तक्रार उमटली. या संग्रहाला इंग्रजीत लायब्ररी म्हणतात. पुस्तके स्वतः विकत न घेता ग्रंथालयाचे सभासद व्हावे, तसा हा प्रकार आहे. मात्र सभासद झाल्याखेरीज कपाट उघडत नाही.

ते जोडल्यावर कार्यक्रम चालला आणि उत्तर आले : 'नॅन'. हे कुठल्या खाद्यपदार्थाचे नाव नव्हे. 'ही संख्या नव्हे' या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. भाची गोंधळली. तिने दर लिहिला होता आठ भागिले शंभर भागिले बारा. गणिताच्या वहीत हे बरोबर आहे. सी भाषेत मात्र आठ आणि शंभर हे दोन्ही पूर्णांक असतील तर भागाकारही पूर्णांकच येतो. अपूर्णांकाचा भाग कापून टाकला जातो. आठाला शंभराने भागले की शून्य. दर शून्य झाला. एकाचा कितवाही घात एकच, एकातून एक गेला की शून्य, आणि त्या शून्याला पुन्हा शून्य दराने भागायचे! संगणकाने हात टेकले. तिने आठाच्या पुढे एक टिंब आणि शून्य लिहिले, ८ चे ८.० केले, आणि दर जिवंत झाला.

ती दुरुस्ती क्षणाची होती, पण माझे मन तिथेच रेंगाळले. दर खरोखरच शून्य असता तर उत्तर काय असते? सूत्र बोलत नसले तरी व्यवहार बोलतो. व्याजच नसेल तर उद्याचा रुपया आणि आजचा रुपया सारखेच. मग १८० हप्त्यांची साधी बेरीज करायची, म्हणजे १४,४०,०००. बोटांवर हिशेब करणाऱ्या त्या नातेवाइकांचा आकडा हाच तर होता. त्यांचे गुणाकार चुकले नव्हते. त्यांनी नकळत शून्य टक्के व्याजाचे जग गृहीत धरले होते. भाचीने कार्यक्रमात दोन ओळी वाढवल्या : दर शून्य असेल तर नुसता गुणाकार कर, नाहीतर सूत्राकडे जा. दर शून्य नसून अगदी नगण्य असेल तर आणखी एक अडचण येते. तेव्हा एकातून जवळजवळ एकच वजा होतो आणि संगणकाने जपलेल्या पंधरा-सोळा अंकांपैकी बरेचसे त्या वजाबाकीत नाहीसे होतात. त्यासाठी सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात 'लॉग वन पी' आणि 'एक्स्प एम वन' अशी दोन खास फले आली. बँकेच्या दरांना त्यांची गरज पडत नाही. पण ती आहेत, ही काळजी कुणीतरी घेतलेली आहे, याचे मला कौतुक वाटते.

आता आकडे येऊ लागले. ८ टक्के दराने त्या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत ८,३७,१२५ रुपये. म्हणजे चौदा लाख चाळीस हजार राहिले दूर, एकरकमी मिळणाऱ्या साडेआठ लाखांहूनही ती थोडी कमीच. ताईने कपाळाला हात लावला. भाचीने दर ७ टक्के केला : ८,९०,०४८. आता हप्ते वरचढ. ६ टक्के केला : ९,४८,०२८. दर जितका उतरे तितकी भविष्यातली रक्कम आजच्या जवळ सरकत येई. ताई वैतागली. "अगं, तुझा हा यंत्राचा हिशेब दर वेळी वेगळंच सांगतोय. मग त्या भाऊजींपेक्षा हा शहाणा कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. भाचीने त्याला तोंडी उत्तर दिले नाही. तिने कार्यक्रमात एक आवर्तन घातले. पाच टक्क्यांपासून सुरू करून दर वेळी पाव टक्का वाढवायचा आणि किंमत छापायची. आकड्यांची उतरंड पडद्यावर खाली खाली येत गेली आणि ७.७५ या दरासमोर ८,४९,९१० हा आकडा उभा राहिला. साडेआठ लाखांना फक्त ९० रुपये कमी! पावणेआठ टक्के, हा त्या अर्जात कुठेही न छापलेला दर होता. दोन पर्याय तंतोतंत बरोबरीचे ठरतात तो हा दर. एकदा तो हाती आल्यावर प्रश्नाचे रूपच बदलले. चौदा लाख मोठे की साडेआठ लाख मोठे, हे विचारायचे कारण उरले नाही. विचारायचे ते एवढेच की, आज हाती आलेल्या पैशाला ताई पावणेआठ टक्क्यांहून अधिक दराचे काम देऊ शकते की नाही?

आणि त्याचे उत्तर यंत्राजवळ नव्हते, ताईजवळच होते. ज्या बँकेत तिचे खाते होते तिथे मुदत ठेवीवर त्या दिवसांत ७ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. वार्षिक दराला बाराने भागून मासिक दर काढणे हा सोयीचा रिवाज आहे, आणि बँका व्याज कोणत्या अंतराने जमा करतात त्यावरही फरक पडतो. चक्रवाढीने बारा महिन्यांत बरोबर ८ टक्के भरतील असा मासिक दर ०.६४३४ टक्के येतो, ०.६६६७ नव्हे, तोही 'पॉव'कडूनच काढून घेता येतो. पण या बारकाव्यांनी ७ चे ८ होत नाहीत. ठेव ठेवायची असेल तर हप्तेच बरे. दुकानाच्या भांडवलावर किती मिळेल याचा आकडा कुणी देऊ शकले नाही, आणि ज्याचा आकडा नाही तो दर सूत्रात घालता येत नाही. महागाईचे म्हणाल तर ती दोन्हीकडे सारखीच खाते. आठ हजारांचा हप्ता झिजतो तशी बँकेतली ठेवही झिजते.

राहिले ते पतसंस्थेचे कर्ज. ते फेडणे म्हणजे १४ टक्के दराने पैसा गुंतवणेच होय. आणि असा खात्रीचा, जोखमीशिवायचा दर ताईला दुसरीकडे कुठे मिळाला असता? भाचीने १४ टक्के घालून पाहिले : १८० हप्त्यांची आजची किंमत ६,००,७१७. म्हणजे कर्जाच्या डोळ्यांनी पाहिले तर हप्ते घेणे हा अडीच लाखांचा तोटा. तेच हप्ते बँकेच्या डोळ्यांनी पाहिले तर चाळीस हजारांचा फायदा. मला हे फार उलगडून सांगणारे वाटले. एकाच घरातल्या, एकाच डब्यातल्या पैशांतल्या प्रत्येक रुपयाचा दर निराळा असू शकतो. पहिल्या दोन लाख चाळीस हजारांचा दर १४ होता आणि उरलेल्यांचा ७.

भाचीने अर्ज पुन्हा काढून बारीक छपाईचा मजकूर वाचला. एकरकमी आणि हप्ते यांची विभागणी करण्याची मुभा त्यात होती. किती टक्के रोख हवी ते एका चौकटीत लिहायचे होते. इतक्या दिवसांत त्या चौकटीकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते, कारण सगळे 'हे की ते' याच वादात गुंतले होते. ३० टक्के रोख घेतली तर २,५५,००० रुपये हाती येत होते आणि उरलेल्या ७० टक्क्यांचे दरमहा ५,६०० रुपये पंधरा वर्षे मिळणार होते. कर्जाचा हप्ता बंद झाला की ताईच्या महिन्याच्या खर्चाला ही रक्कम आणि तिचे शिवणकाम मिळून पुरत होते. तो हिशेब मात्र ताईने स्वतः, दुधाच्या कार्डाच्या पाठीमागे, पेन्सिलीने केला.

दुकानवाल्या नातेवाइकांना काय सांगायचे, हा प्रश्न सगळ्यांत अवघड होता आणि त्यासाठी कोणत्याही ग्रंथालयात फल नाही. ते आले तेव्हा ताईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "रोख रक्कम कर्जात गेली, भाऊजी. बाकीचे महिन्याच्या महिन्याला येणार." ते थोडे रागावले, पण चहा पिऊन गेले.

पतसंस्थेचे पैसे फेडून १५,००० रुपये उरले. त्यांतून ताईच्या सासूबाईंच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. भाचीने तो कार्यक्रम अजून जपून ठेवला आहे. त्यात हप्त्याचे नाव तिने रोमन अक्षरांत 'किस्त' असेच लिहिले आहे, आणि व्याजदर मात्र ती आता कार्यक्रमात लिहून ठेवत नाही. चालवताना दर वेळी विचारून घेते.